फुप्फुसांतील पहारेकरी आणि सूक्ष्मदर्शक यंत्र

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसलेले आहे. आपल्या जिल्ह्याबाहेरील विद्वानांस ह्या गावाचे नाव ठाऊक आहे ते उसामुळे नव्हे, तर तेथील पांढरीच्या टेकाडांमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ सालापासून पुढे कित्येक वर्षे तेथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी व ढवळीकर ह्या पंडितांनी त्याचा सविस्तर वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे जे शेतकरी नांदत होते त्यांचा संसार जगापुढे आला. त्यांची घरे, त्यांचे रांजण, जव-गव्हाचे दाणे, चुली, आणि घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली तान्ही बाळे, हे सर्व त्या मातीतून बाहेर निघाले.

वर्गातील मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो असता एका मुलीने चुलींविषयीचे वर्णन ऐकून विचारले, “सर, घरातल्या घरात चूल म्हणजे धूर कोंडत असेल. त्या लोकांना खोकला होत नसेल का?” प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही. इनामगावच्या मातीत हाडे टिकली, दात टिकले. फुप्फुसे टिकली नाहीत. तथापि जेथे देह सुकून अगर गोठून राहिले तेथे मात्र ह्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे. मिसर देशातील पुराणकालीन मृतदेहांची फुप्फुसे काजळीने काळवंडलेली आढळली. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली जो पाच हजार वर्षांपूर्वीचा मनुष्य सापडला, त्याचीही फुप्फुसे शेकोटीच्या धुराने काळी पडलेली होती. तेव्हा घोड नदीच्या काठच्या त्या गृहिणी काही निराळ्या असतील असे मानण्यास आधार नाही.

परंतु त्या मुलीच्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो अधिक खोल आहे. एवढा धूर, एवढी धूळ, एवढे रोगजंतू प्रत्येक श्वासाबरोबर आत जातात, तर माणूस मुळी जगतो कसा? फुप्फुसे आठ दिवसांत बंद का पडत नाहीत? कारण तेथे पहारा आहे. हे पहारेकरी कोण, ते मनुष्याच्या दृष्टीस कसे पडले, आणि ते हरतात केव्हा, हे ह्या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम ते ठिकाण कसे आहे ते पाहू. श्वासनलिका छातीत शिरल्यावर दुभंगते, तिच्या फांद्यांस पुन्हा फांद्या फुटतात, आणि असे वीस-बावीस वेळा होऊन शेवटी प्रत्येक डहाळीच्या टोकाशी द्राक्षाच्या घोसासारखे हवेचे इवले इवले फुगे लागतात. त्यांस वायुकोश म्हणतात. एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आणि प्रौढ मनुष्याच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या सुमारे ४८ कोटी. त्यांची भिंत इतकी पातळ की अलीकडची हवा व पलीकडचे रक्त ह्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढेही अंतर नाही. इटालियन वैद्य मार्चेल्लो मालपीगी ह्याने १६६१ साली बेडकाचे फुप्फुस भिंगाखाली धरले आणि हे कोश व त्यांभोवतीच्या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या. तोवर फुप्फुस म्हणजे मांसाचा मऊ गोळा अशीच समजूत होती.

आता विचार करा. शरीराची इतर सारी बाजू कातड्याच्या जाड चिलखताने झाकलेली आहे. येथे मात्र कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा पडदा बाहेरच्या हवेस उघडा आहे. पापुद्रा जाड करावा तर प्राणवायू आत जाणार नाही, पातळ ठेवावा तर शत्रू आत येणार. म्हणून भिंतीऐवजी पहारेकरी ठेवलेले आहेत.

पहारेकऱ्यांची कल्पना प्रथम ज्याच्या मनात आली तो फुप्फुसांचा वैद्य नव्हता, समुद्रातील प्राण्यांचा अभ्यासक होता. त्याचे नाव एली मेचनिकॉफ, जातीने रशियन. १८८२ साली तो सिसिली बेटावर मेस्सिना येथे राहत होता. घरची माणसे सर्कशीतील माकडांचे खेळ पाहावयास गेली होती, आणि हा गृहस्थ एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. समुद्रतारा म्हणून जो प्राणी आहे त्याची पिले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या पोटातील हिंडत्या पेशी जिवंतपणीच दिसतात. त्याच्या मनात आले की, ह्या पेशी परक्या वस्तूवर धावून जात असतील काय? त्याने बागेतील गुलाबाचे काटे तोडून आणले व त्या पिलांच्या कातडीत खुपसले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! परक्यास गिळणाऱ्या ह्या पेशींस पुढे भक्षक पेशी हे नाव पडले, आणि १९०८ साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या गोष्टीत आम्हांस सर्वांत आवडणारा भाग हा की, त्याचे सामान म्हणजे एक यंत्र, एक बाग व एक मोकळी दुपार, एवढेच होते.

फुप्फुसांतील भक्षक पेशी आकाराने मोठी असते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. त्या मापाने ती सुमारे १५ ते २० मायक्रॉन भरते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे चार-पाच पेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर केसाची रुंदी होईल. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब, आणि धुराचे कण त्याहून कितीतरी बारीक. पेशी जंतूस आपल्या अंगाच्या पदराने वेढते, तो पदर मिटला की आत एक पिशवी तयार होते, मग पेशीतील पाचकरसाच्या दुसऱ्या पिशव्या येऊन तिला मिळतात, आणि जंतू विरघळतो. हा सर्व व्यवहार मुकाट्याने चालतो. आपणांस ताप येत नाही, खोकलाही येत नाही. रोज हजारो कण व जंतू ह्याप्रमाणे नाहीसे होतात आणि आपण शाळेत जातो.

फार दिवस शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, प्रत्येक पेशी आपापल्या कोशात पडून राहते व वाट पाहते. समजूत असण्याचे कारण असे की, पाहणी होत असे ती मेलेल्या फुप्फुसाची. फुप्फुसाची चकती कापायची, ती रंगवायची आणि भिंगाखाली धरायची; मग त्या चकतीतील पेशी हलणार कशी? लग्नाच्या छायाचित्रावरून वरात कोणत्या रस्त्याने गेली ते सांगता येत नाही, तसेच हे. जिवंत फुप्फुस पाहावे तर ते क्षणभर स्थिर राहत नाही. श्वासाबरोबर फुगते, हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरते. भिंगाचा नेम मायक्रॉनचा, आणि वस्तू मिलिमीटरांनी हलणारी.

ह्या अडचणीतून दोन युक्त्यांनी मार्ग निघाला. पहिली युक्ती प्रकाशाची. मारिया गोपर्ट ह्या विदुषीने १९३१ साली गणिताने दाखविले होते की, प्रकाशाचे दोन दुबळे कण एकाच क्षणी एका रेणूवर आदळले तर ते मिळून एका सबळ कणाचे काम करतात. जवळजवळ तीस वर्षे हे गणित कागदावरच राहिले. १९९० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब ह्या तिघांनी त्यावरून सूक्ष्मदर्शक बनविला. त्यात तांबड्याच्याही अलीकडील, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश वापरतात. तो मांसातून खोलवर जातो, पेशीस फारशी इजा करीत नाही, आणि जेथे त्याची टोकदार शलाका एकवटते तेवढाच बिंदू उजळतो. वरचे व खालचे अंधारातच राहते. पेशींस आधीच चमकणारा रंग दिलेला असतो. त्यांतील एक हिरवा चमकता पदार्थ मूळचा समुद्रातील एका जेलीमाशाचा आहे, आणि त्याच्या शोधाबद्दल २००८ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी युक्ती साधी, म्हणून अधिक कौतुकाची. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी गुंगीत ठेवलेल्या उंदराच्या छातीस एक लहानशी काचेची खिडकी बसविली, आणि हलक्या शोषणाने फुप्फुसाचा तेवढाच ठिपका काचेस चिकटवून धरला. बाकीचे फुप्फुस श्वास घेत राहिले. तो ठिपका स्थिर राहिला.

ह्या खिडकीतून पाहिल्यावर जुनी समजूत गळून पडली. २०२० साली कॅनडातील कॅलगरी येथील कुब्स व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रसिद्ध केले की, वायुकोशांतील भक्षक पेशी बसून राहत नाहीत. त्या गस्त घालतात. कोशाकोशांमध्ये जी बारीक भोके असतात त्यांतून त्या एका कोशातून दुसऱ्यात सरपटत जातात, आणि जंतू जेथे पडला असेल तेथे पोहोचून त्यास गिळतात. कोशांची संख्या पेशींहून अधिक असल्यामुळे गस्त घालण्यावाचून गत्यंतरही नाही. आमच्या लहानपणी रात्री हातात काठी घेऊन गावभर फिरणारा जागल्या असे. त्याला प्रत्येक घरापुढे उभे राहण्याची गरज नव्हती. ह्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ह्या पेशी थकल्या अगर लुळ्या पडल्या म्हणजे त्यांच्या जागी रक्तातून दुसऱ्या शिपायांच्या झुंडी येतात. त्या जंतूंस मारतात खऱ्या, परंतु मारताना घराचीही नासधूस करतात. म्हणजे न्यूमोनियातील पुष्कळशी हानी जंतूंपेक्षा आपल्याच सैन्याच्या दंग्याने होते. मुकाट गस्त चालू आहे तोवर बरे असते.

आता क्षयाकडे वळू, कारण जगातील एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या हिंदुस्थानात आहे, आणि आपल्या तालुक्यात असे एकही गाव नसेल की जेथे हा रोग कोणाच्या तरी घरी येऊन गेला नाही. बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख ह्याने क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. तोवर कित्येक शहाणे लोक क्षय हा वंशपरंपरेचा दोष मानीत. रंग देण्याची योग्य रीत सापडताच एक निळसर काडी डोळ्यांपुढे आली, आणि घराण्याला लावलेला तो कलंक निदान शास्त्रात तरी पुसला गेला. लोकांच्या मनात तो अद्याप पुरता पुसलेला नाही, हे लग्ने जुळविणाऱ्या मंडळींस चांगले ठाऊक आहे.

परंतु एक कोडे उरलेच. पहारेकरी क्षयाच्या जंतूसही गिळतात. किंबहुना हा जंतू आपणहून गिळला जाण्यास तयार असतो. मग तो मरत का नाही? साध्या सूक्ष्मदर्शकाने ह्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. १८७३ साली जर्मनीतील एर्न्स्ट आब्बे ह्याने सिद्ध केले होते की, प्रकाशलहरीच्या निम्म्याहून जवळ असलेल्या दोन वस्तू भिंगाने कधीही वेगळ्या दिसणार नाहीत. ही मर्यादा मायक्रॉनच्या सुमारे पाचव्या भागाची. पेशीच्या आतील पिशव्यांचे पडदे त्याहून कितीतरी पातळ. १९३१ साली रुस्का व क्नोल ह्यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून नवे यंत्र उभारले, तेव्हा ही भिंत ओलांडता आली. (१९८६ साली रुस्काला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तो एेंशीला टेकला होता, काही परीक्षांचे निकाल उशिरा लागतात.)

१९७१ साली लंडनमध्ये आर्मस्ट्राँग व डार्सी हार्ट ह्या दोघांनी ह्या यंत्राने ते कोडे सोडविले. त्यांची रीत मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भक्षक पेशींतील पाचकरसाच्या पिशव्यांत त्यांनी आधी लोहयुक्त असे एक द्रव्य भरले, जे इलेक्ट्रॉनांच्या झोतात काळ्या ठिपक्यांसारखे दिसते. मग त्या पेशींस क्षयाचे जंतू खाऊ घातले. जंतू ज्या पिशवीत अडकला तिच्यात काळे ठिपके उतरले तर पाचकरस तेथे पोहोचला असे समजावयाचे. मेलेल्या जंतूंच्या पिशव्यांत ठिपके उतरले. जिवंत जंतूंच्या पुष्कळशा पिशव्या मात्र कोऱ्या राहिल्या! म्हणजे हा जंतू तुरुंगात जातो, पण आतून कडी लावून घेतो. पहारेकऱ्याच्या पोटात त्यास निवाराही मिळतो आणि खाणेही. म्हणूनच क्षयाचे औषध आठ-पंधरा दिवसांत संपत नाही, महिनेच्या महिने घ्यावे लागते. आणि बरे वाटू लागले म्हणून मधेच सोडणाऱ्याच्या अंगात तो पुन्हा उठतो. डार्सी हार्ट ह्यांना १०६ वर्षांचे आयुष्य लाभले, आणि वयाची शंभरी जवळ आली तरी ते प्रयोगशाळेत जात असत असे सांगतात.

ह्याच शोधाचा पुढचा अध्याय बडोद्यात वाढलेल्या व तेथेच वैद्यकी शिकलेल्या ललिता रामकृष्णन् ह्यांच्या नावावर आहे. क्षयात फुप्फुसांत ज्या गाठी होतात त्या म्हणजे शरीराने जंतूंभोवती घातलेला कोट, असे शंभर वर्षे पुस्तकांत लिहिलेले होते. ह्या विदुषींनी मेचनिकॉफप्रमाणेच पारदर्शक प्राणी निवडला. झेब्रा नावाच्या पट्टेरी माशाची पिले आरपार दिसतात, आणि क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद त्यांस बाधतो. जिवंत पिलांकडे यंत्रातून तासन् तास पाहिल्यावर २००९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखविले की, गाठ बनण्याच्या सुरुवातीस नव्या भक्षक पेशी गाठीकडे धाव घेतात, मेलेल्या पेशींस जंतूंसकट गिळतात, आणि त्यांतल्या काही गाठ सोडून दुसरीकडे जाऊन नवी गाठ मांडतात. कोट म्हणून ज्याची स्तुती होत होती ती जंतूंची धर्मशाळा निघाली. येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही कित्येक वर्षे वर्गात हा कोटाचा दृष्टांत देत आलो आहो, आणि त्या काळचे विद्यार्थी आता बापे झाले आहेत. त्यांनी हा परिच्छेद वाचून आपली वही दुरुस्त करावी.

विषाणूंविषयी थोडक्यात सांगतो. ते तर प्रकाशाच्या कक्षेतच येत नाहीत. २०२० च्या जानेवारीअखेर केरळात करोनाचा देशातील पहिला रोगी आढळला. त्याच्या घशातील द्रवात असलेल्या विषाणूचे चित्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने इलेक्ट्रॉन यंत्राने काढले. गोल, सुमारे ७५ नॅनोमीटर व्यासाचा कण, भोवती खुंटासारखे काटे. असे तेरा कण ओळीने मांडले तर एक मायक्रॉन भरेल. ती संस्था आपल्या शाळेपासून बसने दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे, ही गोष्ट मुलांस ठाऊक असावी. तसेच पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथील सूक्ष्मदर्शकांत चमकत्या रंगांनी पेशींचे थर एकेक करून पाहता येतात.

आता पुन्हा धुराकडे येतो, कारण हा लेख लिहिण्यास तोच कारण झाला.

काजळीचा कण जंतू नव्हे. त्यास पाचविणारा रस कोणत्याही पेशीपाशी नाही. पहारेकरी त्यास गिळतो आणि पोटात बाळगून हिंडतो. गस्त घालणाऱ्या शिपायाच्या पाठीवर दररोज एक धोंडा वाढवीत जावे, तशी त्याची गत होते. ही गोष्ट नुसत्या साध्या सूक्ष्मदर्शकानेही दिसते. इंग्लंडात लेस्टर शहरी नीता कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी मुलांना मिठाच्या पाण्याची वाफ हुंगवून त्यांचा कफ मिळविला, त्यातील भक्षक पेशी काचपट्टीवर पसरल्या, आणि प्रत्येक पेशीत काळा डाग किती क्षेत्रफळाचा आहे ते मोजले. ११४ मुलांपैकी ६४ जणांच्या कफात मोजण्याजोग्या पेशी मिळाल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्या घराजवळ वाहनांचा धूर अधिक तेथील मुलांच्या पेशी अधिक काळ्या, आणि सरासरी काळा डाग एक चौरस मायक्रॉनने वाढला की पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारा श्वास १७ टक्क्यांनी कमी. ही मुले आजारी नव्हती, खेळणारी-बागडणारी होती. आणि तो धूर रस्त्यावरचा, मोकळ्या हवेतला होता. चुलीपाशी चेहरा नेऊन फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या पेशी कशा दिसत असतील?

आमच्या मातोश्रींनी पन्नास वर्षे बाभळीचे सरपण, तुराट्या व गोवऱ्या ह्यांवर स्वयंपाक केला. घराला धुराडे नव्हते. धूर कौलांतून निघेल तेवढा निघे, उरलेला आढ्याला व आईच्या छातीत राही. साठी उलटल्यावर तिला जिना चढवेना. आम्ही तिला एका तालुक्याच्या गावी वैद्याकडे नेले. त्यांनी छाती तपासून पहिला प्रश्न केला, “आजी, दिवसाला विड्या किती?” तिने नाही म्हटले, तेव्हा ते हसले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, “बायका सांगत नाहीत.” आई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, “अरे बाळा, उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही. फुंकली ती फुंकणीच.” त्या वैद्यांनी चूल कोणती आहे हे विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही त्या वेळी ते सुचले नाही. मुलास अभ्यासाला दिवा लागतो म्हणून जी माउली स्वतः अंधारात चुलीच्या उजेडावर भाकरी थापीत होती, तिच्या धुराचा हिशेब पदवी घेतलेल्या मुलाने कधी मांडला नव्हता.

पुण्याचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी ह्यांनी लंडनच्या बार्न्स ह्यांच्यासह २००९ साली लिहून ठेवले आहे की, श्वासनळ्या कायमच्या आकसण्याच्या ह्या विकाराच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी तंबाखू कधी ओढलेलीच नसते, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात सुमारे तीन अब्ज माणसे राहतात. विडी-सिगारेट ओढणारे त्यांच्या एकतृतीयांश. आपल्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र आसपासच्या गावांतील कुटुंबांच्या आरोग्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवीत आले आहे, आणि तेथेही चुलीच्या धुराचा व ह्या विकाराचा अभ्यास झालेला आहे. म्हणजे आमच्या आईचे म्हणणे खरे होते, आणि ते छापलेले होते. फक्त त्या दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते.

धुराचा आणि क्षयाचाही संबंध आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीतील माहिती तपासून मिश्रा, रेदरफोर्ड व स्मिथ ह्यांनी १९९९ साली दाखविले की, लाकूड व शेणावर स्वयंपाक होणाऱ्या घरांत क्षयाची नोंद अधिक आहे. अशा पाहणीवरून कारण निश्चित होत नाही, कारण चूल असलेले घर बहुधा गरीबही असते, दाटीचेही असते, आणि अर्धपोटीही असते. परंतु पाठीवर धोंडे घेतलेला पहारेकरी चोरामागे कितपत धावेल, ह्याचा विचार केला तर ती गोष्ट असंभवनीय वाटत नाही.

येथे पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. क्षयाचा खोकला व धुराचा खोकला कानाला सारखाच ऐकू येतो. आईच्या वेळी आम्हांसही तो ओळखता आला नाही. दोन आठवडे खोकला राहिला की बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व क्षयाचे औषध दोन्ही विनामूल्य मिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास एक मिलिलिटर बेडक्यात ते पाच-दहा हजार तरी असावे लागतात, म्हणून हल्ली जंतूचे बीजद्रव्य शोधणारी यंत्रेही वापरतात. त्यांतील ट्रूनॅट नावाचे यंत्र गोव्याच्या एका कंपनीचे आहे. धुराच्या खोकल्यावर औषधाने आराम पडतो, परंतु आकसलेल्या नळ्या पूर्ववत होत नाहीत.

ह्या वर्षी नववीच्या वर्गाने एक प्रयोग केला. प्रत्येकाने एका काचपट्टीवर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन ती एक रात्र आपल्या घरी ठेवली, कोणी स्वयंपाकघरात, कोणी ओसरीवर, कोणी अंगणातील पाणी तापविण्याच्या चुलीशी. गॅसची टाकी आता बहुतेक घरांत आली आहे. २०१६ साली सरकारने उज्ज्वला योजना सुरू केल्यापासून पुष्कळ गरीब घरांतही आली. परंतु ती महाग पडते म्हणून आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण व सणाचा मोठा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो, हे मुलांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. एकेक काजळीचा कण त्यात दिसत नाही, तो आब्बेच्या मर्यादेच्या पलीकडे आहे. परंतु कण चिकटून जे पुंजके होतात ते स्पष्ट दिसतात. मुलांनी चौकटी आखून पुंजके मोजले. ओसरीच्या पट्टीवर एका चौकटीत सात. गॅसच्या स्वयंपाकघरात अकरा. त्यांत फोडणीच्या तेलाचे थेंब काही जणांनी चुकून मोजले असावेत. अंगणातील चुलीशी चाळीसच्या वर.

एक मुलगा ऊसतोडणी कामगारांचा. त्याचे आईबाप हंगामापुरते फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात, आणि कोपीच्या तोंडाशीच तीन दगडांची चूल पेटते. त्याने आपली पट्टी रुमालात गुंडाळून आणली. ती यंत्राखाली धरली तेव्हा चौकटीत मोजण्यास मोकळी जागाच उरली नव्हती. वर्गात कोणी काही बोलले नाही. मग त्याच मुलीने, जिने इनामगावला प्रश्न विचारला होता, वहीत त्याच्या नावापुढे आकडा न लिहिता लिहिले, “मोजता आले नाही.”

तो मुलगा हंगाम संपल्यावर बीडकडे आपल्या गावी परत गेला. जाण्यापूर्वी त्याने विचारले, “सर, ही पट्टी घरी नेऊ का? आईला दाखवायची आहे.” काचपट्ट्या शाळेच्या मालकीच्या व मोजक्या असल्यामुळे आम्ही एक क्षण घुटमळलो, ही गोष्ट लपवीत नाही. मग ती त्याच्या हाती दिली, आणि यंत्र नसता पट्टीवर काही दिसणार नाही असे वाटून सोबत वर्गातील मुलांनी काढलेले तिचे चित्रही दिले. परंतु तो म्हणाला की चित्र नको. पट्टी नुसती उजेडाला धरली तरी काळी दिसते.